आडवी घडी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायको विचारायची, निवडणुकीचा विषय निघाला की तुम्ही उठून का जाता? मी म्हणायचो, पाणी प्यायला. आता ती नाही. वसंताही नाही. मग सांगून काय होणार? — ते मलाही ठाऊक नाही.

वसंता माझा मित्र. परदेशीपुऱ्यात एकाच गल्लीत वाढलो, एकाच मिलमध्ये लागलो. तो साच्यावर कापड विणायला, मी घडीखात्यात, तयार कापड दुमडून तागे बांधायचे तिथे. मिलला कुलूप लागलं तेव्हा आम्ही सगळे गेटवर नुसते बसून राहिलो. वसंता विधानसभेला उभा राहिला. अपक्ष, निशाणी छत्री. "अरे भिया, हरलो तरी छत्री तर आपलीच ना!" म्हणून हसायचा.

मत तेव्हा कागदावर शिक्का मारून द्यायचं. गल्लीतल्या बायकांना शिकवायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. "घडीमास्टर आहेस ना तू!" ओट्या-ओट्यावर बसून मी शिकवलं — शिक्का छत्रीवर, मग कागद आडवा दुमडायचा, वरचं टोक खाली. ताग्याची पहिली घडी आम्ही अशीच घालायचो. कागद आधी उभा दुमडायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. विचारावंसं वाटलं का? — नाही. घडी मला शिकवणार कोण?

मोजणीला वसंताच्या बाजूने मी बसलो. आमच्या इथली पेटी माझ्यासमोर उघडली. छत्रीवर ठसठशीत शिक्का — आणि ओली शाई दुमडीतून उठून वरच्या निशाणीवरही पुसट शिक्का. दोन शिक्के. मत बाद. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

असा उठलेला शिक्का आरशातल्यासारखा उलटा दिसतो, तो धरायचा नसतो, मत चालतं — हे आम्हाला आधीच समजावलं होतं. मोजणीच्या साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला, हरकत आहे का विचारलं. "कोई आपत्ति?" एक 'हां' पुरे होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, इतक्या जणांची घडी एकसारखी चुकली कशी? मिलची सगळी माणसं मागे उभी होती. मी मान हलवली. नाही.

पहिल्या कागदाला लाज आडवी आली, असं समजा. पुढच्या कागदांना काय आडवं आलं? आधी गप्प बसलो होतो, एवढंच.

बाद झालेल्या त्या गठ्ठ्याहून कमी मतांनी वसंता हरला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, इतकी मतं बाद कशी रे? मी म्हणालो, "लोकांनी दोन-दोन जागी मारले." तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गल्लीने दोघांनाही खूश ठेवलं."

हरणं त्याने पचवलं असतं. हे नाही पचवलं. गल्लीतल्याच गोदाक्काने त्याला आईमागे वाढवलेलं. तिने त्याचा हात धरून सांगितलं, "छत्रीवरच मारला रे, तुझी शपथ." तो म्हणाला, "हां अक्का, हां." किती प्रेमाने म्हणाला! आणि विश्वास जराही नाही. मी शेजारीच उभा होतो. पुन्हा तो तिच्या ओट्यावर बसला नाही. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, अन्नपूर्णा भागात मुलीकडे राहायला गेला. गोदाक्का गेली तेव्हा आला, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच उभा राहिला.

त्याच्या शेवटच्या आजारात मी सांगायचं ठरवूनच गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. पायांवरून चादर घसरली होती. मी उचलली, दुमडायला लागलो. तो बघत राहिला. "तुझ्यासारखी घडी कोणाची नाही रे," म्हणाला. चादर मी उशाशी ठेवली. चहा घेतला. मिलच्या भोंग्याच्या गप्पा केल्या, आणि उठलो.

जिन्यापर्यंत शब्द तोंडात होते. गोदाक्काने छत्रीवरच मारला होता, वसंता. सगळ्या गल्लीने. घडी माझी चुकली होती.