पहिले दोन रकाने

चमत्काराचे अनुभव सांगणाऱ्यांना मी जन्मभर तोंडावर हसत आले आहे, त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही. पण हे माझ्याच हातून... म्हणजे माझ्या हातून न होता घडलं.

साठच्या दशकातलं बेंगळूर. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, घर मल्लेश्वरमला. मी एका कारखान्याच्या कार्ड विभागात नुकती लागले होते. तेव्हा सुट्या भागांची माहिती जाड कागदी कार्डांवर भोकं पाडून ठेवायचे. भोक कुठल्या रकान्यात आहे त्यावरून मशीनला कळायचं. सहा महिन्यांत कायम झाले नाही तर नोकरी सोडून बेळगावच्या स्थळाला हो म्हणायचं, असं वडिलांनी, अप्पांनी, कबूल करून घेतलं होतं.

माझ्याकडे फाउंड्री आणि असेंब्ली, म्हणजे ओतकाम आणि जोडणी, या दोन विभागांची कार्डं. दोघांचे नंबर एकपासूनच सुरू! २१४ म्हणजे फाउंड्रीत साचा, असेंब्लीत वॉशर. आमच्या मुख्य गिरिजाक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पहिल्या दोन रकान्यांत विभागाचा आकडा पाड गं. नुसता नंबर एकटा सोडू नकोस."

मी अतिशहाणी! दोघांचे ड्रॉवर वेगळे, वर ठसठशीत चिठ्ठ्या, मग ती जास्तीची भोकं कशाला? लोणच्याचं नाव बरणीऐवजी झाकणावर लिहिण्यातला प्रकार. वर पुन्हा माझा हात किती भरभर चालतो म्हणून मिरवलेसुद्धा.

मग दुसऱ्या इमारतीत नवं मशीन आलं. त्याला ड्रॉवर-बिवर काही कळत नव्हतं, सगळी कार्डं एकत्रच घालायची. शनिवारी दुपारी भोकं पाडायची सगळी जुनी पंचिंग मशीनं खोक्यांत घालून खिळे ठोकले, आणि तेवढ्यात हमालाच्या हातून माझे दोन्ही ड्रॉवर जमिनीवर! हजारो कार्डांचा एकच ढीग. उचलताना हाती येईल ते खिडकीशी धरून पाहिलं — पहिले दोन रकाने कोरे. आता कुठलं कार्ड कुठल्या विभागाचं, ओळखायचं कसं? कार्डं पेटीत गेली, अक्कांनी लाखेचं सील लावलं. नोकरी कशापायी जाणार ते अप्पांना दाखवायला एक कार्ड मी पर्समध्ये टाकलं होतं.

अप्पांनी ते उलटसुलट पाहिलं. "सरी," त्यांनी कानडीत 'बरं' म्हटलं, "सोमवारी खरं काय ते सांगून टाक. लपवाछपवी नको."

सोमवारी दहाला अक्कांपुढे उभी राहिले. "अक्का, चुकले मी. विभागाचा आकडा एकाही कार्डावर पाडलेला नाही."

त्यांनी सील तोडलं, एक कार्ड उजेडात धरलं. "मग हे काय?"

पहिल्या दोन रकान्यांत दोन भोकं. दुसरं कार्ड घेतलं, तिसरं, मुठीभर... सगळ्यांवर! दुपारपर्यंत नव्या मशीनने दोन गठ्ठे वेगळे करून दिले, एकही चूक नाही. मी तिथेच हुंदके देऊन रडले.

"अगं वेडे, रडतेस काय? स्वल्प पाणी पी. पाडलीस आणि विसरलीस, दुसरं काय!"

मी पर्समधलं कार्ड पुढे केलं. कोरं. अक्कांनी ते उजेडात धरलं, मग पंचिंग मशीनच्या खोक्यांकडे पाहिलं; खिळे जसेच्या तसे होते. "हे तुझ्याजवळच ठेव," म्हणाल्या. "खोकी उघडली की याच्या जागी नवं पाडून दे. आणि सगळे रकाने भर, समजलं?"

मी कायम झाले. बेळगावला नकार गेला. पत्र अप्पांनी स्वतः लिहिलं. पुढे टेप आल्या, मग कॉम्प्युटरमधले टेबल, म्हणजे माहितीचे तक्ते, आणि त्यांचे विभागवार गट म्हणजे स्कीमा आले. दरवेळी माहिती एका सिस्टीममधून दुसरीत न्यायची म्हटलं की पोरं घाबरायची, पण माझ्या हाताखाली कुणी विभागाचं नाव जोडल्याशिवाय टेबलचं नाव लिहिलं नाही. लिहू दिलंच नाही मी.

भोकं कुणी पाडली, मला माहीत नाही. आपण पाडली नाहीत, असं अक्कांनी शपथेवर सांगितलं होतं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. कधीतरी खिडकीशी धरते, पहिले दोन रकाने कोरे दिसतात, आणि इतक्या वर्षांनीही त्या सोमवारसारखंच हायसं वाटून डोळ्यांत पाणी येतं.