एक दिवस आधी झालेले एकमत

समुद्रात वादळ उठले म्हणून समुद्राविषयीची बैठक सोलापूरला आली. मे महिना होता. पाच देशांचे मत्स्यशास्त्रज्ञ आणि अधिकारी कोकणातल्या एका बंदरगावी जमणार होते. हवामान खात्याने किनाऱ्याला इशारा दिला, हॉटेले रिकामी झाली, आणि बैठकीची आयोजक असलेल्या माझ्या भाचीने घाईघाईने ज्यांना ज्यांना फोन लावले, त्यांत तिच्या सोलापूरच्या जुन्या कॉलेजचे प्राचार्यही होते. सुट्टीमुळे त्यांचे सभागृह रिकामे होते, अतिथिगृहही रिकामे होते.

"पाठव की सगळ्यांना," ते म्हणाले. "समुद्र तेवढा नाही आपल्याकडं. बाकी सगळं आहे."

भाची उतरली जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरी. मी इथल्या एका दैनिकाच्या डेस्कवरून निवृत्त झालेला. अंतिम मसुद्याचे मच्छीमार संस्थांसाठी मराठी करायचे काम तिने माझ्याकडे दिले. त्यामुळे पुढचे सगळे मी सभागृहात बसून पाहिले.

प्रश्न समजायला सोपा होता. मासा अंडी घालतो बेटांच्या एका छोट्या देशाजवळ. पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि मोठी होतात ती समोरच्या मोठ्या देशाच्या किनाऱ्याला. एकाने मासेमारी बंद ठेवली आणि दुसऱ्याने चालू ठेवली, तर पहिल्याने उपास करायचा आणि दुसऱ्याने जेवायचे. म्हणून पाचही देशांनी एकाच काळात बंदी पाळावी, आणि तो काळ कुणाच्या मर्जीने न ठरता, कुणी कुठे, केव्हा, किती मासे पकडले त्या आकड्यांवरून ठरावा, असा भाचीचा मसुदा होता. अडचण एकच होती. मोठा देश म्हणत होता, बेटांनी आधी आकडे दाखवावेत. बेटे म्हणत होती, आधी तुम्ही. उरलेले तिघे या दोघांकडे पाहत होते.

पुढच्या महिन्यात मंत्र्यांची परिषद होती. सोलापुरातून सह्या झालेला मसुदा गेला नाही, तर विषयच पत्रिकेवरून निघणार होता. भाचीने उमेदीची वर्षे बोटींवर उलट्या करत पिल्ले मोजण्यात घालवली होती. ती मोजणी एका फाइलीत जाऊन बसली असती.

सकाळचे सत्र चर्चेचे होते. प्रत्यक्षात ते सत्काराचे झाले. व्यासपीठावर जो बसतो त्याचा सत्कार होतो, आणि सत्कार ज्याच्या हस्ते होतो त्यालाही व्यासपीठावर बसवावे लागते. त्यामुळे संख्या वाढत जाते. प्रत्येकाला हार, नारळ आणि सोलापुरी चादर. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ पडले होते. बेटांच्या देशाच्या प्रतिनिधी बाईंनी खांद्यावरची चादर चाचपून प्राचार्यांना विचारले, "ही बैठकीत पांघरून बसायची असते का?"

"छे छे, घरी न्या. थंडीत लई उपयोगी पडते."

"आमच्याकडे थंडी नसते."

"मग तर टिकेलच की!" प्राचार्य म्हणाले.

मोठ्या देशाचे अधिकारी उंच, सावध गृहस्थ होते. ते मान न हलवता हाराखाली बसून होते. उद्घाटक आलेच नाहीत. त्यांची वाट पाहण्यात आणखी वेळ गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मसुद्याचे पहिले पानही कुणी उघडले नव्हते.

दुपारी दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या.

"आमचे आकडे खात्यात आहेत," अधिकारी म्हणाले. "त्यांनी त्यांचे टेबलावर ठेवले की मी फोन करतो."

"त्यांनी फोन केला की मी ठेवते," बाई म्हणाल्या.

हेच निरनिराळ्या शब्दांत संध्याकाळपर्यंत चालले. शेवटी भाचीने लॅपटॉप मिटला. प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघणार होते. घरी आल्यावर ती जेवेना. माझी पत्नी म्हणाली, "अगं, तू उपाशी राहिलीस तर ते मासे वाढणार आहेत का?" तिने अर्धी भाकरी शेंगाचटणीबरोबर खाल्ली आणि मंत्रालयाला कळवायचा मजकूर लिहायला बसली. चर्चा निष्फळ, असा.

सकाळी आम्ही अतिथिगृहावर पोचलो, तेव्हा कॉलेजच्या मिनीबसचा होटगीचा ड्रायव्हर गाडी पुसत होता. भाचीला पाहून तो फडके टाकून पुढे आला.

"मॅडम, अभिनंदन! झालं की तुमचं काम. पेपरात आलंय."

बातमी आतल्या पानावर, ठळक होती. 'समुद्र वाचवण्यासाठी पाच देशांचे सोलापुरात एकमत'. मसुदा टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता. बेटांचा देश आणि मोठा देश यांनी परस्परांना आकडे देण्याचे मान्य केले होते. न आलेल्या उद्घाटकांनी समुद्राशी असलेले आपले भावनिक नाते उलगडले होते. चादरींचा तपशील तेवढा अचूक होता.

"मामा, हे काय आहे?"

हे काय आहे ते मला पहिल्या ओळीतच कळले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रमाची प्रेसनोट कार्यक्रमाआधी लिहिली जाते. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि तिच्यातली भविष्यकाळाची क्रियापदे भूतकाळी करायची. पाने लवकर छपाईला सोडायची असतात, म्हणून नोट जेवणाआधी पोचवतात. कॉलेजच्या प्रसिद्धी समितीचे प्रमुख मराठीचे प्राध्यापक होते, आणि हे काम ते वर्षानुवर्षे निष्ठेने करत होते.

मी वृत्तसंपादकाला फोन लावला. तो माझ्याच हाताखाली शिकलेला.

"सर, नोट दुपारी आली, लावून टाकली," तो म्हणाला. "आणि आपल्याकडं आजवर ठराव नामंजूर कधी झालाय, सांगा की."

मला एकही आठवला नाही.

तोवर प्राध्यापक स्वतः पेपर घेऊन आले. भाचीने त्यांना विचारले, "सर, एकमत झालं असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडम, भांडण झालं असं लिहायचं होतं का? पाहुणे आहेत की ते आपले!"

"आज खुलासा द्या. लगेच."

"खुलासा?" प्राध्यापक खरोखर दुखावले. "पहाटेच सगळ्यांना पाठवलं की मी."

"काय पाठवलं? कुणाला?"

आभाराच्या पत्राबरोबर बातमीचे कात्रण पाठवायची त्यांची रीत होती. निमंत्रणांसाठी त्यांना पाचही देशांच्या मत्स्यखात्यांचे ई-मेल पत्ते मिळाले होते. सुनेकडून इंग्रजी करून घेऊन त्यांनी ते बैठकीच्या ई-मेलवरून सगळीकडे धाडले होते. भाची पायरीवर बसली. खोट्या कराराची बातमी पाच सरकारांना गेली होती, आणि पाठवणाराचा पत्ता तिच्या बैठकीचा होता.

अधिकारी जिन्यावरून खाली आले ते फोन कानाला लावूनच. फोन ठेवून ते सरळ भाचीकडे आले.

"आमच्या खात्याच्या सचिवांनी बातमी वाचली."

"ती चूक आहे," भाची उठून म्हणाली. "मी आत्ता कळवते त्यांना..."

"थांबा. त्यांनी मला विचारलं, बातमीत आपलं नाव बेटांच्या नंतर का?"

"आणि आकड्यांचं?"

"त्याबद्दल काही विचारलं नाही. ते ठरून गेलं असं ते धरून चालले आहेत." त्यांनी फोन खिशात टाकला. "तुमचा मसुदा अजून आहे ना?"

आम्ही तिघे अतिथिगृहाच्या खानावळीत गेलो, तर बेटांच्या बाई पोह्यांची ताटली पुढे घेऊन, पण न खाता बसल्या होत्या. त्यांच्या मंत्र्यांचा अभिनंदनाचा निरोप आला होता. निरोप त्यांनी आम्हाला दाखवला. "हे परत कसं करायचं?" त्यांनी विचारले. "आमच्याकडे मंत्र्यांनी केलेलं अभिनंदन परत घेत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," अधिकारी म्हणाले आणि बाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

भाचीने मसुदा उघडला. आधी कोण, हा प्रश्न तिने एका वाक्यात सोडवला: दोघांनीही आपले आकडे एकाच दिवशी तिच्या संशोधन संस्थेकडे द्यावेत, आणि तिने ते सगळ्यांना एकदम खुले करावेत. देशांची नावे वर्णक्रमाने. हे वाक्य आदल्या दिवशीच्या मसुद्यातही होते. आदल्या दिवशी ते दोघांनीही वाचले नव्हते. आता अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले, बाईंनी बंदीच्या काळाची तारीख आकडे आल्यावरच ठरेल असे स्पष्ट करून घेतले, आणि उरलेल्या तिघांना झोपेतून उठवून आणले गेले. ड्रायव्हर दोनदा डोकावला. "मॅडम, गाडी चुकंल बगा." तिसऱ्यांदा आला तेव्हा सह्या चालू होत्या. पोहे गार झाले होते, ते सगळ्यांनी तसेच खाल्ले.

सकाळी चुकीची असलेली बातमी दुपारी बरोबर झाली. प्राध्यापक प्रत्येकाशी हस्तांदोलन करत होते. त्यांना मधल्या काळात काही झाल्याचे वाटत नव्हते.

गाडी सुटल्यावर भाची म्हणाली, "मामा, आता खरी बातमी द्या ना. एकदा तरी खरी छापून येऊ दे. मंत्र्यांपुढे तीच जाऊ दे."

मी पुन्हा फोन लावला.

"सर, तीच बातमी?" वृत्तसंपादक म्हणाला. "आजच्याच अंकात आली की."

"तेव्हा झालेलं नव्हतं. आज झालं."

"मग आज आपण काय छापलं?"

तोही डेस्कवरचा जुना माणूस होता, त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. "असं करतो," तो म्हणाला, "फोटो द्या. फोटो नव्हता त्यात."

फोटो ड्रायव्हरने काढलेला होता. खानावळीचे टेबल, पोह्यांच्या ताटल्या, मसुद्यावर वाकलेले अधिकारी आणि शेजारी पेन पुढे करणाऱ्या बाई. मागे भाची, डोळे मिटलेली. दुसऱ्या दिवशी तो तीन कॉलमांत छापून आला. भाचीने स्टँडवर जाऊन जितके अंक मिळाले तितके घेतले आणि मंत्र्यांच्या परिषदेला नेले.

फोटोखाली कंसात दोन शब्द होते: संग्रहित छायाचित्र.