पावाच्या दुकानातलं हसू

शाळेच्या सहलीबरोबर फ्रान्सला गेलेल्या माझ्या विद्यार्थिनीने, ईराने, व्हिडिओ पाठवला. पावाच्या दुकानात शिरताच ती आधी ‘बाँजूर’ म्हणते, मग पाव मागते. आणि काउंटरमागची म्हातारी तोंडभर हसते. तिथे आधी नमस्कार, मग खरेदी, हे मीच शिकवलेलं. पण मी कधी फ्रान्स पाहिलंच नाही. माझं ‘बाँजूर’ आजवर वर्गाच्या भिंतींनीच ऐकलं. ते हसू माझं होतं, या पोरीने फुकटात पळवलं! जीव नुसता जळला.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि दुकानदाराला आधी हसून ‘नमस्कार’ म्हटलं. खारी तोलता तोलता त्याने दचकून वर पाहिलं.

“काय झालं मॅडम? कालची खारी मऊ निघाली का?”