निळ्या खडूची खूण

"खूण कुठाय, ती दाव," असं म्हणत ती समोर बोट टेकवायची. शेजारणीने हंड्याला पोचा पाडल्याचा आळ घेतला, तरी हंड्यावर बोट टेकवून हेच.

तुम्ही त्या वर्षांत भिवंडी कोर्टाबाहेर आला असाल, तर माझ्या टाइपरायटरसमोर बसलेली ती तुम्हाला दिसली असेल. मूळची अंबाडीकडची, कामतघरच्या कारखान्यात कापड तपासणारी. कानामागे निळा खडू. कापडात दोष दिसला की तिथे खूण करायची. खुणेशिवाय कापडाचा ताका नापास करायचा नाही, हा तिथला रिवाज. त्यावरून ती शेठशीही भांडायची.

तिचा नवरा लूम दुरुस्त करणारा जॉबर. शिफ्टच्या भांडणात त्याने एकाच्या डोक्यात पाना हाणला. त्याआधी जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. कोर्टाने त्या कलमातली कमाल शिक्षा दिली. पूर्ण तीन वर्षं.

निकाल मी तिला वाचून दाखवला. अकरा पानं गुन्ह्याची, शिक्षेला एक ओळ.

"पुरी तीनच का, ते वाच."

"मावशी, ते लिहिलेलंच नाही."

"न्हाय?" तिने त्या ओळीशेजारी खडू ओढला. "मग नापास कसा केला?"

मला हसू आलं. तिच्या वकिलांनी मात्र कपाळाला हात लावला. पहिल्याच गुन्ह्याला एवढी शिक्षा देताना कारणं नोंदवावी लागतात, हे त्यांच्याही नजरेतून सुटलं होतं. त्यांनी अपील सांगितलं, मी टाइप केलं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. नवरा आतच राहिला.

ठाण्याला अपील चालायला दीड वर्ष गेलं. ते मान्य झालं. तिने पेढे आणले आणि मीही मिटक्या मारत खाल्ले. हुकूम एवढाच होता की कारणं नोंदवून शिक्षेचा पुन्हा विचार करावा. प्रकरण भिवंडीलाच परत आलं.

नव्या निकालात कारणांची दोन पानं होती. शिक्षा तीच. वाचताना मला माझाच आवाज नकोसा झाला. ती ओळीमागून ओळ बोट सरकवत ऐकत होती.

"पुन्हा वर जाता येईल," मी म्हणालो.

"तवर ते सुटूनच येतील, दादा." मग कागदावरचं बोट उचलत म्हणाली, "खूण मीच मागितली, न्हाय?"

मी टाइपरायटरवर नवा कागद चढवला. त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर ती कोर्टाकडे फिरकली नाही. जुना निकाल माझ्याकडेच राहिला. त्या एका ओळीशेजारी तिची निळी खूण आहे, आणि पुढची जागा अजून कोरीच आहे.