तळघरात नोकरीला असलेलं भूत

डनीडिनचा विमानतळ गावापासून लांब, मेंढ्यांच्या कुरणांच्या मधोमध आहे. विमान उतरताना धावपट्टीच्या आधी मला मेंढ्याच दिसल्या, आणि त्यांतली एकही विमानाकडे ढुंकून बघत नव्हती. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचं हे गाव. जून महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. बाहेर माझा मुलगा सुजय उभा होता. अंगात जाडजूड लोकरी कोट आणि पायांत जँडल्स (आपल्या साध्या रबरी सपाता, पण तिकडे त्यांचा मान मोठा).

"अरे, पाय गारठतील ना!"

"सवय झालीय, बाबा. इथं सगळे असेच फिरतात," तो म्हणाला. गाडीत बसून मी पट्टा लावत होतो, तेवढ्यात त्यानं सांगून टाकलं, "बाबा, एक सांगायचं होतं. फोनवर मी 'टुरिझममध्ये आहे' म्हणालो होतो ना? तर मी भूत आहे."

पट्ट्याची कडी माझ्या हातातच राहिली.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण मला ओळखतात. न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी कराडचा, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आणि गेली तीस वर्षं गावोगाव जाऊन भुतं खोटी आहेत हे दाखवत आलो. नारळातून केस काढणारे, लिंबातून रक्त काढणारे, विहिरीवरच्या हडळी, भानामती, सगळं पाहिलं आणि सगळ्यांचं पितळ उघडं पाडलं. माझ्या नावानं चार बुवांनी मूठ मारली, तरी मी ठणठणीत आहे. आणि माझा एकुलता एक मुलगा, संगणकातला इंजिनिअर, सातासमुद्रापार जाऊन भूत झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

"जुन्या गोदामांखाली तळघरं आहेत, तिथं घोस्ट टूर असते. हीप्स लोक येतात, म्हणजे ढिगानं. आठवड्यातून पाच दिवस, बाबा. ॲन्युअल लीव्हसुद्धा आहे."

"भुताला पगारी रजा?"

"आणि आजारपणाची वेगळी."

मी कपाळाला हात लावला. पुढचा सगळा रस्ता मी मेंढ्या मोजत राहिलो.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी काही हिंडायला आलो नव्हतो, सुजयला परत न्यायला आलो होतो. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही गेला. मग ऑकलंड सोडून तो या थंड गावात आला आणि काय करतो ते धड सांगेना. त्याच्या मामानं हिंजवडीत शब्द टाकून ठेवला होता, जागा तयार होती. निघताना माझ्या बायकोनं, शैलानं, बॅगेवरून शेवटचा हात फिरवत बजावलं होतं, "अहो, एकटे परत येऊ नका."

गाव मात्र देखणं निघालं. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या इमारती, टोकदार चर्चं, आणि रस्ते इतके चढाचे की आपली गाडी मागे घसरणार या भीतीनं मी पायानं नसलेला ब्रेक दाबत होतो. घराजवळच्या डेअरीत (म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दूध मिळतं, पण वर्तमानपत्रापासून बटाट्यापर्यंत बाकीचंही सगळं) एक बाई चक्क अनवाणी खरेदी करत होत्या. मला वाटलं, काही नवस असेल. सुजय म्हणाला, नवस वगैरे काही नाही, त्यांना बूट घालायचा कंटाळा आला असेल.

दुपारी एका छोट्या हॉटेलात त्यानं मला चीज रोल खायला घातला. पावावर चीज आणि कांद्याचं सारण पसरायचं, गुंडाळी करायची, भाजायची आणि वर लोणी फासायचं. पदार्थ छान, फक्त हिरव्या मिरचीवाचून पोरका. दुसरा रोल संपल्यावर मी हिंजवडीचा विषय काढला.

तो शांतपणे म्हणाला, "आज टूर बघा, मग बोलू. मी अजून ट्रायलवर आहे. आमची मालकीण, ॲरोहा, आज ठरवणार आहे, मला पर्मनंट करायचं की नाही. आणि बाबा, प्लीज, तिथं काही उघडं पाडू नका."

"मी कशाला पाडतोय?" मी म्हणालो. पण कोटाच्या खिशात माझी बॅटरी होती. तीस वर्षांत मी तिच्याशिवाय घराबाहेर पडलेलो नाही.

तिकडे हिवाळ्यात पाचलाच दिवस मावळतो. गोदामाच्या दारात आम्ही दहा-बारा जण जमलो. ॲरोहा ही सहलीची मालकीण आणि वाटाडीही. माओरी बाई, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. "किया ओरा!" (त्यांचा नमस्कार) म्हणून तिनं सगळ्यांना डोक्यावर घालायला प्लास्टिकची टोपडी दिली आणि नियम सांगितले. जिन्याचा कठडा धरा. छातीत दुखलं तर हात वर करा. मोबाइल बंद, बॅटरी बंद. भुताला हात लावू नका, तेही तुम्हाला लावणार नाही. इतकं शिस्तीचं भूत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या भुतांना कठड्याची काळजी कधीच नव्हती.

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या, इन्व्हरकार्गिलहून, म्हणजे आणखी दक्षिणेहून, खास गाडी चालवत आलेल्या.

"मी दुसऱ्यांदा येतेय," त्या मला म्हणाल्या. "मागच्या वेळचं भूत अगदीच पुळचट होतं. नवं चांगलं आहे म्हणतात."

माझा मुलगा आहे तो, असं जिभेवर आलं होतं. लाज वाटली आणि मी गिळून टाकलं. लाज कशाची वाटली, ते तेव्हा मला नीट कळलं नाही.

जिना उतरून आत गेलो. विटांच्या कमानी, ओल्या चुन्याचा वास, पायाखाली ओल. पूर्वी समुद्र इथपर्यंत होता, भराव घालून गाव पुढे सरकवलं, म्हणून भरतीला अजूनही भिंती पाझरतात, असं ॲरोहानं सांगितलं. माझं काम मी सुरू केलं होतं. मानेला अचानक गार वारा लागला, तर जाळीमागे पंखा. पाण्याचा थेंब ठराविक अंतरानं टपकत होता, म्हणजे ध्वनिमुद्रण. मागून पावलं वाजली, तर कमानीच्या कोपऱ्यात काळा स्पीकर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! मी इन्व्हरकार्गिलच्या बाईंच्या कानाशी लागून पंखा दाखवला.

"श्श, डिअर," त्या चिडून म्हणाल्या. "मला कळू देऊ नका."

शेवटच्या कमानीखाली आम्हाला भिंतीशी उभं करून ॲरोहानं गोष्ट सुरू केली. गरम मुलखातून एक तरुण जहाजावरून इथं आला. गोदामात पिंपं वाहायचं काम मिळालं. त्याचं नाव इथं कुणाला धड उच्चारता येईना, म्हणून कुणी विचारलंही नाही. एका थंडीत तो तळघरात आजारी पडला आणि पिंपांच्या मागे मरून गेला. घरी कळवायचं कुणाला, हेच ठाऊक नव्हतं. त्याचे आईवडील पुढची कितीतरी वर्षं तिकडे आपल्या बंदरावर येणाऱ्या प्रत्येक जहाजावर त्याची चौकशी करत राहिले.

तिनं कंदील विझवला.

असला अंधार मी खेड्यातसुद्धा पाहिला नव्हता. तिथं निदान चांदण्या तरी असतात. कुणीतरी हुंदका दिला. मग समोर, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. शपथेवर सांगतो, मी ठरवून केलं नाही. तीस वर्षं मी हेच करत आलोय. भूत आलं की त्याच्या तोंडावर बॅटरी मारायची. मग भूत धोतर सावरत पळतं, गाव हसतं आणि आपण भाषण सुरू करतो. माझ्या उजेडात आजवर एकही भूत टिकलेलं नव्हतं.

मी बॅटरी लावली.

हातभर अंतरावर सुजयचा चेहरा होता. राखेच्या रंगाचा. ओठ निळे, केस कपाळाला ओले चिकटलेले, डोळे सताड उघडे. मी त्याच्या डोळ्यांत उजेड मारला होता, तरी पापणी हलली नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला मी दिसत नव्हतो. रंग आहे, मेकअप आहे, दुपारी यानंच मला चीज रोल खायला घातलाय, हे सगळं मला माहीत होतं. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझा मुलगा माझ्यासमोर मेलेला होता. परक्या मुलखात, एका तळघरात, आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

मी किंचाळलो. "आई गं!" म्हणून असा ओरडलो की तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना. बॅटरी हातातून पडली, मी ओल्या जमिनीवर मटकन बसलो, आणि माझ्यामागोमाग सगळे ओरडायला लागले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. भूत मात्र जागचं हललं नाही. गोंधळ पुरता रंगू दिला, मग हळूहळू मागे सरकत ते कमानीत नाहीसं झालं.

इन्व्हरकार्गिलच्या बाईंनी मला दंडाला धरून उठवलं, एक पेपरमिंटची गोळी दिली आणि वर येईपर्यंत हात सोडला नाही. "वर्थ इट" (म्हणजे पैसे वसूल), त्या पुटपुटल्या.

दाराशी ॲरोहानं आधी मला बॅटरीवरून चांगलंच झापलं. मग तिनं बादलीतून पाणी घेऊन प्रत्येकाच्या हातावर घातलं. मेलेल्यांच्या जागेतून बाहेर पडताना हात धुवायचे, ही त्यांची रीत. "गोष्टी आम्ही रचतो," ती म्हणाली, "पण इतक्या जुन्या जागेत माणसं खरोखरच मेलेली असणार." आमच्याकडे स्मशानातून आल्यावर दारात पाय धुवायला सांगतात, त्यावर मी आजवर शंभरदा वाद घातलाय. तिथं मी एक शब्द न बोलता दोन्ही हात पुढे केले.

मागच्या दारातून सुजय आला. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा अजून राखाडी. हातात चहाचा मग.

"बाबा! बॅटरी नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"तू हलला का नाहीस?"

"हललो असतो तर भूत संपलं असतं की."

मी पुढे होऊन त्याच्या गालाला हात लावला. गाल गरम होता. रंग माझ्या बोटांना लागला. हात काढून घ्यायला मला जरा वेळ लागला आणि तोही तसाच उभा राहिला.

"ही गोष्ट कुणाची?" मी विचारलं.

"मीच लिहिली." त्यानं मगात बघितलं. "नोकरी गेली तेव्हा दीड महिना तुम्हाला सांगितलंच नव्हतं, बाबा. तुम्ही व्हिडिओ कॉल करायचात तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. बाकी दिवसभर पडून असायचो. वाटायचं, इथं आपलं काही झालं तर घरी कळायला किती दिवस लागतील?"

भूत परवडलं, असं वाटलं. तळघरात बसला त्याहून मोठा धक्का मला वर दाराशी, दिव्याच्या उजेडात बसला. कॉल संपला की शैला रोज म्हणायची, पोरगा शर्टात किती छान दिसतो.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता नाही वाटत तसं. खरंच. रोज खाली तो मरतो आणि मी वर येऊन चहा पितो."

तेवढ्यात ॲरोहा आली. असली किंकाळी या तळघरात तिनं कधी ऐकली नव्हती म्हणे. "स्वीट ॲज!" (त्यांचं 'एकदम झकास') म्हणत तिनं सुजयच्या पाठीत थाप मारली. "पर्मनंट!" मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही रोज याल का?"

त्यानंतर आठवडाभर मी तिथं होतो. समुद्रकाठी सील पाहिले, दगडासारखे पडून राहणारे आणि जवळ गेलं की शिंकणारे. टेकडीवरून सूर्यास्त पाहिले. पण खरं तर मी सुजयला बघत होतो. दुपार झाली की तो शीळ घालत रंगाचा डबा भरायचा. रात्री परत आला की आज कोण कसं घाबरलं ते हातवारे करून सांगायचा, आणि दोन ताटं भात खायचा. हिंजवडीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

परतीच्या प्रवासात माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच होती, आणि कराड येईपर्यंत मी शैलाला काय सांगायचं ते घोळवत राहिलो.

दार उघडल्याबरोबर तिनं माझ्या मागे बघितलं. फोनवर त्याच्या नोकरीचं कळलेलं होतं, तरी बघितलं.

"एकटेच आलात."

"तो कामावर आहे."

तिनं पाणी दिलं, समोर बसली. "भूत होणं हे काय काम झालं? जमतं तरी का त्याला?"

"मी घाबरलो," मी म्हणालो. "ओरडलो. खाली बसलो."

"तुम्ही?"

"मीच."

तिचा विश्वासच बसेना. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला घाबरलेलं तिनं पाहिलेलं नाही. मग ती हसायला लागली, पदरानं डोळे पुसत हसत राहिली. "तुम्हाला घाबरवलं त्यानं? मग राहू दे त्याला तिथंच. चांगलं जमत असणार." जरा वेळानं तिचं हसणं थांबलं आणि तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "पण अहो, तुम्ही एवढे घाबरलात तरी कशाला? काय दिसलं?"

तिच्या डोळ्यांना डोळा देऊन मला ते सांगता येईना. तीस वर्षं शाळांमधून, चावड्यांवरून, जत्रांमधून जे नाही म्हणून मी घसा फोडून सांगितलं होतं, तेच अखेर माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"भूत," मी म्हणालो.