कंबर अडतीस

टेलरमास्तरांना गुपचूप माप घेणं जमायचंच नाही. गिऱ्हाईक हात वर करून उभं राहिलं, की ते गळ्यातली टेप झटक्यात ओढत आणि गवयाने तान घ्यावी तसा पुकारा करत, "छाती बेऽऽचाळीस! कंबर सदतीऽऽस!" बायको मशीन थांबवून आकडा खडूने कापडावर लिहायची. शेजारच्या चहावाल्याला त्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या कंबरा ठाऊक होत्या. एकदा घेतलेलं माप मास्तर जन्मात विसरत नसत, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत.

टेप त्यांच्या उस्तादांची. आकडे पुसट, कडा पिवळ्या. तिला सुरकुत्या पडल्या की मास्तर गरम इस्त्रीखाली धरून ती टोकाने खेचून काढत आणि खुशीत म्हणत, "बघ, कशी ताठ झाली म्हातारी!"

त्यांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, बसकंडक्टर. निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला आले, ते जणू भरल्या गाडीत शिरावं तसे. "सरका, सरका! मधे भरपूर जागा आहे! विहीणबाई, नमस्कार!" आवाज असा, की रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा दचकून बाजूला झाला.

मास्तरांनी टेप कमरेभोवती घेतली आणि तान अर्ध्यातच अडकली.

"कंबर अडतीऽऽ... अडतीस? अहो व्याहीबुवा, पोरांच्या लग्नाच्या सुटाला चाळीस होती!"

"असेल. बरंच झालं की!"

"बरं कसलं? नकळत उतरलायत तुम्ही. आमच्या उस्तादांचं असंच झालं. आधी कंबर गेली, आणि मग..." मास्तरांनी बोट वर आभाळाकडे केलं.

बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून. दारातल्या चहावाल्याने च्‌ च्‌ केलं. कंडक्टर हसले, पण ते हसू पहिल्याच स्टॉपवर उतरून गेलं.

कोट झकास बसला. पण समारंभ आटोपला, नोकरी संपली, घरात दिवसभर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ती कंबर कंडक्टरांच्या डोक्यात जाऊन बसली. घास गिळवेना. जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "काका, तुम्ही ठणठणीत आहात." कंडक्टरांना पटेना. "डॉक्टर कागद बघतो," ते म्हणायचे. "मास्तरांनी मला हाताने मोजलंय." आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ते मोजून घ्यायला दुकानात यायचे. कंबर सदतीस. मग छत्तीस. पुकारा तोच, ऐकणारा मात्र दर वेळी थोडा वाकलेला.

"बाबा, मामंजी भिंत धरून चालतात," एकदा मुलगी सांगून गेली. "घसा पार बसलाय. 'सरका' म्हणतात ना, ते मांजरालाही ऐकू जात नाही."

मास्तर स्वतः मात्र मजेत. त्यांचीही कंबर दोन इंच उतरली होती. "सकाळच्या फिरण्याचा गुण!" असं म्हणून ते कधीचा दुखणारा गुडघा बायकोसमोर तालात वाकवून दाखवत. गुडघा खरंच दुखायचा थांबला होता.

मग एके दिवशी टेपेच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघाली आणि बायकोने नवी टेप आणली. नवा माल कसा भिकार असतो हे तिला दाखवायला मास्तरांनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. नवी आधी संपली.

"बघितलंस? तोकडी! लुटलं तुला!"

तरातरा ते टेप विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले आणि तिथल्या सगळ्या टेपा एकेक करून उलगडल्या. सगळ्याच तोकड्या.

"मास्तर," दुकानदार थंडपणे म्हणाला, "सगळं जग तोकडं, की तुमची एकटीच लांब?"

मास्तर परत आले ते हळूहळू. इस्त्री. ती रोजची ओढाताण. म्हातारी ताणत गेली होती, आकडे एकमेकांपासून लांब सरकले होते, आणि त्यांना वाटत होतं गल्ली बारीक होतेय. माप त्याच टेपेने आणि कापणीही तिनेच, म्हणून कपडे नीट बसायचे. चूक चुकीत जिरून जायची. दुकानाची पायरी चढताना गुडघ्यात कळ आली, ओळखीची.

बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना."

"जातो गं. उद्या जातो."

पण त्यांचे पाय उचलेनात. ज्या तोंडाने माप पुकारलं, त्याच तोंडाने काय म्हणायचं? उद्या-उद्या करत आठवडा गेला. शेवटी त्यांना युक्ती सुचली. नव्या टेपेने मोजायचं, दणक्यात चाळीस म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कुणाला काही कळायला नको.

कंडक्टर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलीने त्यांना धरून उभं केलं. मास्तरांनी नवी टेप गुंडाळली, आकडा बघितला, पुन्हा बघितला.

अडतीस. खरीखुरी अडतीस. जुन्या टेपेने मारलेली थाप या माणसाने स्वतःचं अंग झिजवून खरी करून दाखवली होती.

"किती?" कंडक्टरांनी विचारलं.

"अडतीस."

"अडतीस? मागच्या वेळी छत्तीस होती!" कंडक्टरांचे डोळे लखलखले. "म्हणजे भरली? सूनबाई, ऐकलंस का, भरली! थोडा वरणभात दे गं. मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो!"

ते खरोखरच जेवले, पलंगाला न टेकता. मुलीने बापाच्या हातात चहाचा कप ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे." मास्तरांच्या कानाच्या पाळ्या जळायला लागल्या. त्यांनी खिशातून जुनी टेप काढली, पलंगावर नवीच्या शेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं.

कंडक्टरांनी दोन्ही टेपांवरून बोट फिरवलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

आज, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

"आठवडा झाला."

मुलीने बापाच्या हातातला भरलेला कप काढून घेतला आणि आत गेली.

"म्हणजे मी आजारी पडलो ते तुमच्या तोंडामुळे," कंडक्टर सावकाश म्हणाले. "आणि आत्ता जेवलो तेही तुमच्याच तोंडामुळे. मग या पोटात माझं स्वतःचं काय होतं हो?" आपल्याच रिकाम्या ताटाकडे बघून तेही ओशाळले.

मास्तर खाली मान घालून बाहेर पडले. त्यानंतर दुकानात पुकारा बंद झाला. माप कुजबुजत सांगायचे. बायको दोन-दोनदा विचारायची, "काय म्हणालात?" आणि गल्लीत चहावाला अजून सगळ्यांना सांगत होता, "कंडक्टरसाहेबांचं काही खरं नाही."

काही महिन्यांनी भर गर्दीच्या वेळी दाराशी आवाज घुमला. "सरका, सरका! मधे जागा आहे!" कंडक्टर कोट घालून आले होते. पुढचं बटण टरारलं होतं.

"सैल करायचाय. माप घ्या."

मास्तरांनी नवी टेप घेतली. "बेचाळीस," ते टेपेशीच पुटपुटले.

"ऐकू नाही आलं! मागच्या सीटपर्यंत जाऊ द्या!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. चहावाला किटली घेऊन दारात येऊन थांबला.

"कंबर बेचाळीस!" त्यांचा आवाज चिरकला. "आणि... आणि कोटाच्या वेळी चाळीस होती, अडतीस नव्हे. टेप माझी खोटी होती."

बायकोने मशीन थांबवलं आणि खडू उचलला. कंडक्टरांनी हात तसेच वर धरून ठेवले होते.

"हं," ते म्हणाले, "आता छाती घ्या."