टिटवाळ्यापुढचं घर विकताना

आमचं टिटवाळ्यापुढचं घर विकायला अडीच वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं आईमुळे गेली, असं माझा दादा अजून म्हणतो. आई ऐकून घेते आणि हसते.

घर बाबांनी बांधलेलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते तेहतीस वर्षं फिटर होते. राहिलो आम्ही चाळीत. भिंतीपलीकडचा माणूस शिंकला की अलीकडे आम्ही जागे व्हायचो. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांनी जागा बघितली तीच मुळी शेजार नसलेली. टिटवाळ्याहून रिक्षाने पंचवीस मिनिटं, मग गाव यायच्या दीड किलोमीटर आधीच उतरायचं. गाव आणि घर यांच्यामध्ये एक टेकाड. तिथे पाच गुंठ्यांत त्यांनी तीन खोल्यांचं कौलारू घर उभं केलं. गवंडी होता, पण खिडक्यांचे गज, फाटक, पाणी तापवायचा बंब, सगळं बाबांच्या हातचं. आई आणि ते तिथे सोळा वर्षं मजेत राहिले.

मग बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. दादाने दोघांना डोंबिवलीला आपल्याकडे आणलं. लिफ्ट होती, दवाखाना खालीच होता. घर बंद राहिलं. पावसाळा संपल्यावर एकदा जाऊन आलो तर पडवीत गवत गुडघ्याएवढं. जेवताना बाबाच म्हणाले, "विकून टाकू. बंद घर लवकर म्हातारं होतं."

तो निर्णय त्यांचा होता, हे मी मुद्दाम सांगते. पाटीसुद्धा त्यांनीच रंगवली. पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या ऑइलपेंटने 'घर विकणे आहे', खाली दादाचा मोबाइल नंबर आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी. दादा म्हणाला, "बाबा, लग्नपत्रिका वाटतेय ही." बाबा म्हणाले, "बघणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे."

बघणारे येईनात. टिटवाळ्यात त्या वेळी जिकडे बघावं तिकडे नवीन बिल्डिंगा उठत होत्या. स्टेशनजवळचा एजंट आमच्या घराचे फोटो मोबाइलवर सरकवत म्हणाला, "ताई, घर मस्तच आहे हो. पण आता लोकांना गेट पाहिजे, वॉचमन पाहिजे, जिम पाहिजे. जिमला जात कुणी नाही, पण पाहिजे." तरी महिन्या-दीड महिन्याने तो एखादं गिऱ्हाईक पाठवायचा. मग आमचा रविवार ठरायचा. मी ठाण्याच्या वर्तकनगरहून, सासरहून, डोंबिवलीला पोचायचे, दादा गाडी काढायचा, आई डबा बांधायची. मी घरी ब्लाउज शिवते, तेव्हा रविवारची सुट्टी मलाच स्वतःला द्यावी लागायची. पण खरं सांगायचं तर त्या रविवारांची मी वाट बघायला लागले. लग्न झाल्यापासून आम्ही चौघंच असे कुठे गेलो नव्हतो.

पोचलं की आई पदर खोचून झाडायला लागायची, बाबा खुर्ची टाकून मला हुकूम सोडायचे, दादा फाटकाला तेल द्यायचा. अकराच्या सुमाराला गिऱ्हाईक यायचं आणि आई त्यांना घर दाखवायची.

"ही पश्चिमेची खोली," ती सांगायची. "पावसाळ्यात झड थेट इकडे येते. ही भिंत ओली होते. रंग देऊ नका, पैसे फुकट जातात."

दादा मागून खोकायचा.

"विहिरीला पाणी आहे, पण मे महिन्यात तळ दिसतो. आणि गाव लांब आहे हं. इथे भर दुपारी बोंब मारलीत तरी कुणाला ऐकू जायचं नाही."

ठाण्याहून एक नवराबायको आलेले, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांना घर फार आवडलेलं. ती मुलगी पडवीत बसून "किती शांत आहे ना!" असं तीनदा म्हणाली. आई म्हणाली, "शांत आहे गं, पण आधी सगळं ऐकून घे. गेल्या वर्षी माळ्यावर धामण निघालेली. बिनविषारीच, पण केवढी!" आणि तिने दोन्ही हात पसरून दाखवले. पाच मिनिटांत त्यांची गाडी धुरळा उडवत गेली.

दुसरे एक गृहस्थ होकायंत्र घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध गोल गोल फिरत राहिले. मे महिन्यात कल्याणहून एक मोठं कुटुंब आलं. त्यांनी घर बघितलं, आमच्या झाडाचे आंबे खाल्ले, चटईवर झोप काढली, जाताना पिशवीभर आंबे घेतले आणि "कळवतो" म्हणाले. आई त्यांच्यावर सगळ्यात खूश होती. "घर वापरलं तरी एक दिवस," म्हणाली.

परतताना गाडीत दादाचा बांध फुटला.

"आई, तू घर विकतेयस की लोकांना पळवून लावतेयस?"

"अरे, पावसाळ्यात त्यांना कळणारच की. मग शिव्या कुणाला देतील?"

"कागद झाल्यावर देऊ दे ना!"

"मला नकोत," आई शांतपणे म्हणाली.

मग दादाने तिची चक्क शिकवणी घेतली. डोंबिवलीच्या हॉलमध्ये तो गिऱ्हाईक झाला आणि मी एजंट. आईने फक्त "या, बसा, पाणी घ्या" एवढंच म्हणायचं. वहिनी सोफ्यावर बसून पोट धरून हसत होती. आईने शपथ घेतली, "एक शब्द बोलणार नाही."

पुढच्या रविवारी बदलापूरहून एक निवृत्त शिक्षक आले. आई खरंच बोलली नाही. पण पश्चिमेच्या खोलीत शिरल्यावर तिने भिंतीकडे बघून असा चेहरा केला की गुरुजी थबकले. "काकू, काही प्रॉब्लेम आहे का इथे?"

आईने दादाकडे बघितलं. दादाने डोळे मिटले. "विचारलंत म्हणून सांगते," आई म्हणाली, आणि झड, विहीर, धामण, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

शेवटी दादाने एक डाव टाकला. एका रविवारी आईला वहिनीबरोबर घरी ठेवलं आणि आम्ही तिघंच गेलो. आलेला माणूस व्यापारी होता, बोलणं भाव ठरवण्यापर्यंत आलेलं. तो खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत उभा राहिला. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "टेकू नका. त्या चौकटीचा खालचा स्क्रू आटे गेलेला आहे. मीच बसवलाय, मला माहीत आहे." माणसाने हात काढला, दुसरी खिडकी हलवून बघितली, मग तिसरी. चहा न घेताच गेला.

दादा पडवीच्या पायरीवर बसला. मला वाटलं आता हा चिडणार. पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि बघते तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आपलं घर ना, आपण मेल्यावरच विकलं जाणार," तो म्हणाला. बाबाही हसायला लागले. त्या दिवशी आईने दिलेला डबा आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसून खाल्ला, आणि घर विकलं न गेल्याचं दुःख कुणालाच नव्हतं.

पण पुढच्या पावसाळ्यात दहा-बारा कौलं फुटली आणि आता मात्र काहीतरी केलं पाहिजे असं मलाही वाटायला लागलं. एजंटचे फोन थांबलेले. किंमत आम्ही दोनदा कमी केलेली.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नांचा मोसम सुरू झाला. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीचं लग्न होतं, तिचे सगळे ब्लाउज मी शिवलेले. एकाचा हूक तुटला म्हणून मी सुई-दोरा घेऊन हॉलवर लवकर पोचले. बाहेर बँडवाले नवरदेवाची वाट बघत उभे होते. लाल कोट, सोनेरी झालर. त्यांचे मास्तर बाजूला उभे राहून फोनवर कुणाची तरी विनवणी करत होते. पन्नाशीचा माणूस, मिशा रंगवलेल्या, आवाज रडवेला.

"शेठ, एक महिना तरी द्या ना. मोसम सुरू झालाय. अठरा माणसं कुठे घेऊन जाऊ मी?"

फोन ठेवून ते स्वतःशीच म्हणाले, "संपलं."

मला राहवलं नाही. "काय झालं हो?"

"काही नाही ताई. तालमीचं ठिकाण गेलं. कल्याणला गाळा होता, वर बिल्डिंग झाली. लोकांच्या तक्रारी. तीन वर्षांत ही चौथी जागा. नवीन गाणं बसवायचं तर वाजवावं लागतं ना? मनातल्या मनात कसं बसवणार?"

माझ्या हातात सुई तशीच राहिली. आईचं ते वाक्य, बोंब मारली तरी ऐकू जायचं नाही, माझ्या कानात घुमलं.

"मास्तर," मी म्हटलं, "आमचं एक घर आहे. पण फार लांब आहे."

"किती लांब?"

"शेजारी कुणीच नाही इतकं."

त्या माणसाचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

त्या रविवारी ते टेम्पोतून आले. बरोबर ट्रंपेटवाला, क्लॅरिनेटवाला आणि मोठा ढोल. दादाने आईला या वेळी काहीच बजावलं नाही. त्याने हात टेकलेले. आई आपली सुरू झाली. "गाव लांब आहे हं. इथे बोंब मारलीत तरी..."

"खरंच, मावशी? कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मग बघू या का?"

मास्तरांनी मला आणि दादाला गाडीने गावात पाठवलं. आम्ही टेकाडाला वळसा घालून देवळापाशी जाऊन उभे राहिलो. दादाने फोन लावला. "हं, वाजवा!"

फोनमधून असा कडकडाट आला की दादाने तो कानापासून लांब धरला. मग त्याने फोन बंद केला आणि आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकलं. पिंपळाची पानं. कुठेतरी कोंबडी. पारावर बसलेल्या आजोबांना दादाने विचारलं, "आजोबा, काही ऐकू येतंय का?"

"काय ऐकू यायचंय?" ते म्हणाले.

दादाने मला तिथेच रस्त्यात मिठी मारली. शाळेत असताना कॅरममध्ये त्याचा नंबर आला तेव्हा मारलेली, त्यानंतर ही पहिली.

परत आलो तर आई मास्तरांना पश्चिमेच्या खोलीत घेऊन उभी होती. "ही भिंत ओली होते. ढोल इथे ठेवू नका, चामडं सैल पडेल. मधल्या खोलीत ठेवा, तिथे चुलीची धग लागते." मास्तर मान डोलावत होते. "हे कुणी सांगत नाही हो," ते ट्रंपेटवाल्याला म्हणाले. "मागच्या मालकाने गाळा भाड्याने देताना गळती लपवली होती, दोन ढोल गेले माझे." बाबांनी उठून त्यांना आटे गेलेला स्क्रू दाखवला. ट्रंपेटवाल्याने तो पाच मिनिटांत बदलला.

मास्तरांनी घर घ्यायचं नक्की केलं, पण त्यांचं कर्ज मंजूर व्हायला तीन महिने गेले. बँकेचा माणूस घर बघायला आला, त्यालाही आईने धामणीची गोष्ट सांगितलीच. तो म्हणाला, "आजी, फॉर्ममध्ये धामणीचा रकाना नाहीये."

कल्याणला दस्त नोंदवायला गेलो तेव्हा बाबांचा अंगठा मशीन घेईना. एकदा, दोनदा, पाचदा. आयुष्यभर लोखंड घासून रेघाच पुसल्या गेलेल्या. बाबा जरा ओशाळले. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, बोट जरा पाण्याने ओलं करा." आईने पर्समधलं व्हॅसलीन काढून त्यांच्या अंगठ्याला चोळलं, पदराने पुसलं, फुंकर घातली. सातव्या वेळी मशीन वाजलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी सगळ्यांना पेढे वाटले, आमच्यासकट.

किल्ली द्यायचा दिवस गुढीपाडव्याच्या आधीचा रविवार होता. आम्हाला वाटलं, किल्ली हातात ठेवायची आणि निघायचं. पोचलो तर अंगणात अठराही माणसं लाल कोट घालून रांगेत उभी. मास्तरांनी आईबाबांना पडवीत दोन खुर्च्यांवर बसवलं.

"मावशी, बोला. कुठलं गाणं?"

"मला कुठली नावं येतात? वाजवा काहीही," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मोठ्याने वाजवा."

त्यांनी वाजवलं. झांजा, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सगळं एकदम. आंब्यावरचे पक्षी भर्रकन उडाले. स्वतःच्या लग्नातही न नाचलेला दादा आधी नुसता पाय हलवत होता, मग बूट काढून अंगणात उतरला आणि वहिनीलाही ओढून घेऊन गेला. बाबा खुर्चीतच काठी वर करून ताल धरत होते. नवीन गुडघ्यांवर ते दोनदा उठून उभेही राहिले. मी रडेन असं मला वाटलेलं, पण इतक्या आवाजात रडणं जमत नाही.

आई हळूच पायरी उतरली आणि मोठ्या ढोलापाशी जाऊन उभी राहिली. वाजवणाऱ्याने विचारलं नाही, थांबलाही नाही. तिने तळहात ढोलाच्या लाकडावर टेकवला, माझ्याकडे बघितलं आणि ओरडून काहीतरी म्हणाली. मला ऐकूच आलं नाही. मी नाचणाऱ्यांमधून वाट काढत जवळ गेले, कान तिच्या तोंडाशी नेला.

"छातीत वाजतंय गं," ती म्हणाली. "ये, तू पण हात लाव."